लग्नमागणीची पत्रे, व्हिक्टोरियन इंग्लंडमधील

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंडच्या मध्यम आणि वरच्या वर्गात लग्नाची बोलणी पुष्कळदा पत्रातून होत. मुलाने मुलीला लिहिलेले मागणीचे पत्र, तिचा होकार किंवा नकार, तिच्या वडिलांना लिहिलेले वेगळे पत्र, वाङ्निश्चयानंतरचा पत्रव्यवहार आणि ठरलेले लग्न मोडलेच तर ती सगळी पत्रे परत करण्याची रीत, एवढा व्यवहार या नोंदीत येतो. आज ही पत्रे प्रेमपत्रे म्हणून वाचली जातात. लिहिणाऱ्यांना मात्र आपण एक दस्तऐवज तयार करत आहोत याचे भान असे. तोंडी बोललेले नाकारता येई. लिहिलेले नाकारणे कठीण होते, आणि लग्नाचे वचन मोडणाऱ्यावर तेव्हा कोर्टात दावा लावता येत होता. कोणी कोणाला लिहावे, काय जपावे आणि काय जाळावे, यांबद्दलचे बरेच नियम याच धास्तीतून आलेले दिसतात.

टपाल स्वस्त झाले

१८४० पूर्वी टपालहशील बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचे, तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. लंडनहून एडिंबराला एका कागदाच्या पत्राला शिलिंगाहून जास्त पडे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पाकीट सहसा कोणी वापरत नसे. लिहिलेल्याच कागदाची घडी घालायची, लाखेने डकवायची आणि कोऱ्या बाजूवर पत्ता लिहायचा. पान भरले की कागद काटकोनात फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचे, ही काटकसरीची आणखी एक युक्ती. अशा पत्रात पहिल्यांदा नुसती शाईची जाळी दिसते. कागद जरा तिरका धरला की ओळींचा एक थर डोळ्यांत भरतो आणि दुसरा मागे सरतो. मग वाचता येते. घरातल्या मुलीला आलेल्या पत्राचे पैसे वडिलांच्या खिशातून जात, त्यामुळे पत्र कोणाकडून आले हे लपून राहणे अवघडच होते.

रोलंड हिल याने १८३७ मध्ये पुस्तिका काढून ही पद्धत बदलण्याची मागणी केली. १० जानेवारी १८४० पासून देशात कोठेही, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला एक पेनी असा सरसकट दर लागू झाला. मे महिन्यात चिकटवायची तिकिटे आली. पैसे न भरता टाकलेल्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ‘नॉटपेड’, पत्राला दुप्पट दर लागे. १८३९ मध्ये सुमारे साडेसात कोटी पत्रे वाटली गेली होती. १८४० मध्ये ती संख्या सतरा कोटींच्या आसपास गेली. १८५२ मध्ये चॅनल बेटांवर आणि पुढच्या वर्षापासून मुख्य भूमीवर रस्त्याकडेला पोस्टाच्या पेट्या उभ्या राहिल्या. आता पत्र नोकराच्या हाती देण्याची किंवा टपालकचेरीच्या खिडकीशी उभे राहण्याची गरज उरली नाही. शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या मध्यभागी दिवसातून दहा-बारा वेळा टपाल वाटले जाई. सकाळच्या पत्राला दुपारी उत्तर आणि त्या उत्तराला रात्री प्रत्युत्तर, असा संवाद चालू शकत होता.

स्वस्त टपालाच्या सोयीचा एक गमतीदार दाखला यॉर्कशरमधला आहे. फेब्रुवारी १८४० मध्ये हॉवर्थ गावचा तरुण उपपाद्री विल्यम वेटमन याने, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या ब्राँटे बहिणींना आणि त्यांच्याकडे आलेल्या मैत्रिणीला व्हॅलेंटाइनची पत्रे पाठवली. त्यांना तोवर असले पत्र कधी आलेले नव्हते. गावातून टाकले तर शिक्क्यावरून ओळखू येईल म्हणून हा गृहस्थ सुमारे दहा मैल चालत ब्रॅडफर्डला गेला आणि तिथून पत्रे टाकली. ब्राँटे बहिणींनी ते तरीही ओळखले.

मायना आणि परवानगी

अविवाहित मुलीने नात्याबाहेरच्या अविवाहित पुरुषाला पत्र लिहू नये, असा संकेत होता. दोघांत पत्रे सुरू आहेत असे कळले की त्यांचे ठरले आहे, असाच अर्थ लोक काढत. त्यामुळे मागणीचे पत्र हे अनेकदा त्या पुरुषाने तिला लिहिलेले पहिलेच पत्र असे. काही सभांत, चहाला, चर्चबाहेर भेट झालेली. चार लोकांसमोर हवापाण्याच्या पलीकडे बोलणे झालेले नाही. आणि एकदम लग्नाचा प्रस्ताव. आजच्या वाचकाला हे घाईचे वाटेल. कांदेपोह्यांच्या एका कार्यक्रमावर होकार कळवणाऱ्या समाजाला फारसे वाटू नये.

इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद उरलेला नव्हता. जवळीक किती, हे मायन्यावरून ठरे. अनोळखी स्त्रीला ‘मॅडम’, ओळखीच्या मुलीला आडनावासह ‘डिअर मिस’, त्याआधी ‘माय’ लागले की पाऊल पुढे पडले, आणि नुसते पहिले नाव लिहिण्याचा अधिकार वाङ्निश्चयानंतर मिळे. आपल्याकडे ‘ति. स्व.’ किंवा ‘चि. सौ. कां.’ पाहून पत्र कोणाचे कोणाला हे मजकूर न वाचता कळते, त्यातलाच हा प्रकार. लाखेलाही अर्थ होता: एरवी लाल, सुतकात काळी, आणि सुतकातल्या कागदाला काळी किनार.

मागणीच्या पत्राचा ढाचा ठरलेला होता. सुरुवातीला धाडसाबद्दल क्षमा, मग तिच्या गुणांबद्दल आदर, मग आपली परिस्थिती: नोकरी कोणती, उत्पन्न किती, पुढे काय मिळण्याची आशा आहे. शेवटी, तुमची हरकत नसेल तर वडिलांना लिहिण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. वडिलांच्या पत्रात भावना कमी आणि आकडे जास्त. एकवीस वर्षांखालील मुलीच्या लग्नाला पालकांची संमती कायद्याने लागत होती; शिवाय १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर हक्क मिळेपर्यंत तिचा पैसा बव्हंशी नवऱ्याच्या ताब्यात जाई, म्हणून लग्नाआधी वकिलांकडून करार करून घेण्याची पद्धत पैसेवाल्या घरांत होती. ज्यांना हे सगळे शब्दांत मांडणे जमत नसे त्यांच्यासाठी पत्रलेखनाचे कित्ते छापून विकत मिळत. विधुराने विधवेला, व्यापाऱ्याने भागीदाराच्या मुलीला, अमुक कारणाने नकार, तमुक अटीवर होकार, असे नमुने त्यांत असत. गाळलेल्या जागी नाव घातले की झाले.

नकार

नकाराचे पत्र लिहिणे होकारापेक्षा अवघड. कारण द्यावे तर वादाला जागा, न द्यावे तर अपमान. याचा उत्तम नमुना शार्लट ब्राँटेने २२ व्या वर्षी लिहिला. तिच्या जिवलग मैत्रिणीचा, एलन नसी हिचा, भाऊ हेन्री ससेक्समध्ये उपपाद्री होता. त्याने आधी दुसऱ्या एका मुलीला मागणी घातली होती आणि तिच्या वडिलांकडून नकार आला होता. मग त्याने शार्लटला पत्र लिहिले. ईस्टरनंतर तो घरी विद्यार्थी ठेवणार होता आणि त्यांची व्यवस्था पाहायला पत्नी हवी होती. हे त्याने सरळ लिहून टाकले होते.

५ मार्च १८३९ च्या उत्तरात शार्लटने ‘निश्चित नकार’ असे स्पष्ट शब्द वापरले, पण दोष स्वतःच्या स्वभावावर घेतला: तुम्ही समजता तशी मी गंभीर, शांत डोक्याची नाही, मला जवळून ओळखाल तर स्वप्नाळू आणि विक्षिप्त म्हणाल. तुमच्यासारख्याला कशी पत्नी हवी याचे वर्णनही तिने करून दिले. हा नकार इतका नेटका आहे की त्याला दुखावायला फट सापडत नाही. आठवड्याने एलनला लिहिताना ती मोकळी झाली. त्याच्यासाठी मरायला तयार व्हावे अशी ओढ आपल्याला वाटत नाही, आणि लग्न करायचे तर तशी ओढ हवी, असे तिने कळवले. हेन्रीने रोजनिशीत दोन ओळींत विषय संपवला: उत्तर प्रतिकूल आले, देवाची इच्छा.

त्याच उन्हाळ्यात तिला दुसरी लेखी मागणी आली. डेव्हिड प्राइस नावाचा आयरिश उपपाद्री एका दुपारी तिच्या वडिलांकडे आला होता, हसतखेळत गप्पा झाल्या होत्या. काही दिवसांनी त्याचे लग्नाची मागणी घालणारे पत्र आले. पहिल्या भेटीतले प्रेम ऐकले होते, पण याने सगळ्यांवर कडी केली, असे तिने एलनला कळवले. यालाही नकार गेला.

स्त्रीने मागणी घालावी हे रीतीत बसत नव्हते. अपवाद खुद्द राणीचा, कारण राज्यकर्त्या राणीला कोण विचारणार? १५ ऑक्टोबर १८३९ रोजी विंडसर येथे व्हिक्टोरियाने राजपुत्र अल्बर्टला बोलावून घेतले आणि समोरासमोर विचारले. पण त्याआधीच्या जुलैमधले, बेल्जियमचा राजा असलेल्या मामाला लिहिलेले तिचे पत्र पाहण्यासारखे आहे. अल्बर्टशी आपले काही ठरलेले नाही, आपण कधी वचन दिलेले नाही, तेव्हा वचनभंगाचा ठपकाही आपल्यावर येत नाही, असे तिने त्यात बजावले. कागदावर काय उतरते याची काळजी राजवाड्यातही होती, ती अशी.

विंपोल स्ट्रीट ५०

रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांचा पत्रव्यवहार या विषयावरची सर्वांत भरघोस सामग्री आहे. ती ३८ वर्षांची, नामांकित कवयित्री, आजारपणामुळे लंडनमधील विंपोल स्ट्रीटवरच्या खोलीतून क्वचितच बाहेर पडणारी. तो तिच्याहून सहा वर्षांनी लहान, कवी म्हणून फारसा न चाललेला. १० जानेवारी १८४५ रोजी त्याने अनोळखी असताना पहिले पत्र लिहिले. तुमच्या कविता मला मनापासून आवडतात, या वाक्याने सुरुवात केली आणि पुढे तुम्हीही आवडता, असेही लिहून टाकले. दोन लेखकांमधला पत्रव्यवहार म्हणून संकेताला बगल देता आली. भेट व्हायला २० मे उजाडला.

भेटीनंतर लगेच त्याने जे पत्र पाठवले त्यात बहुधा मागणीच होती. ती घाबरली. पुन्हा असे लिहाल तर भेटी बंद, असे सांगून तिने पत्र परत केले, आणि त्याने ते नष्ट केले. दोघांची मिळून ५७० हून अधिक पत्रे उरली आहेत. जे सर्वांत महत्त्वाचे ते मात्र त्यांत नाही. त्यानंतर मागणी हा शब्द न काढता मागणी कशी चालू ठेवावी, याचे जणू शिक्षण त्या पत्रांतून मिळते. पत्रे रोज, कधी दिवसातून दोन. ब्राउनिंग तिच्या पत्रांच्या पाकिटांवर भेटीची तारीख, वेळ आणि क्रमांक टिपून ठेवी. शेवटचा क्रमांक ९१. त्या दिवशी, १२ सप्टेंबर १८४६ ला, सकाळी मॅरिलबोनच्या चर्चमध्ये त्यांनी गुपचूप लग्न केले. ती घरी परतली, जणू काही झालेच नाही अशी आठवडाभर राहिली आणि मग दोघे इटलीला निघून गेले.

चोरी कोणाची, तर वडिलांची. एडवर्ड मोल्टन-बॅरेट यांना आपल्या मुलांपैकी कोणीही लग्न केलेले चालत नव्हते, वय काहीही असो. त्यांनी मुलीला कधी माफ केले नाही. इटलीतून ती त्यांना लिहीत राहिली. १८५१ मध्ये ती लंडनला आली तेव्हा त्यांनी तिची सगळी पत्रे गठ्ठ्याने परत पाठवली. लाख फोडलेली नव्हती. काही पाकिटांना काळी लाख होती. आत मृत्यूची बातमी असू शकेल, कदाचित नातवंडाची, हे बाहेरूनच दिसत असताना त्यांनी ती उघडली नव्हती.

दोघांच्या मुलाने १८९९ मध्ये ही पत्रे छापली तेव्हा आईवडिलांचे खाजगी जीवन चव्हाट्यावर आणल्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. मूळ पत्रे आता अमेरिकेत वेलस्ली कॉलेजात आहेत. विंपोल स्ट्रीटच्या घराचा दरवाजाही तिथेच नेला आहे. त्याला पितळी फट आहे, आणि व्हॅलेंटाइनच्या सुमारास विद्यार्थिनी तीत चिठ्ठ्या टाकतात.

पत्र कोर्टात

लग्नाचे वचन मोडल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा पुरुषालाही लावता येई, पण फिर्यादी जवळजवळ नेहमी स्त्री असे. हाती सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे पत्रे. १८६९ पर्यंत अशा दाव्यात खुद्द वादी-प्रतिवादीला साक्षच देता येत नव्हती, त्यामुळे पत्रांवरच सारी भिस्त. त्या वर्षीच्या कायद्याने साक्षीला मुभा दिली, पण नुसत्या तिच्या शब्दावर निकाल द्यायचा नाही, दुजोरा हवा, अशी अट घातली. म्हणजे पत्रांचे महत्त्व होते तिथेच राहिले. वकील ती मोठ्याने वाचून दाखवत, कोर्टात हशा पिके आणि दुसऱ्या दिवशी लाडाची नावे वर्तमानपत्रात छापून येत. भरपाईपेक्षा ही नाचक्की मोठी शिक्षा होती असे म्हटले तर चूक होणार नाही. १८८४ मध्ये अभिनेत्री मे फॉर्टेस्क्यू हिने माजी लॉर्ड चॅन्सेलरच्या (न्यायव्यवस्थेच्या प्रमुख मंत्र्याच्या) मुलावर, व्हायकाउंट गारमॉयलवर, दावा लावला. वचन मोडल्याचे त्याच्या बाजूने मान्य झाले आणि तिला १०,००० पौंड मिळाले. त्या पैशातून तिने स्वतःची नाटक कंपनी काढली. हा दाव्याचा प्रकार इंग्लंडमध्ये १९७१ च्या आरंभी रद्द झाला.

ठरलेले मोडले की दोन्हीकडची पत्रे आणि भेटवस्तू परत करायच्या, ही रीत या पार्श्वभूमीवर नीट कळते. तीत सभ्यता होती, आणि पुरावा काढून घेणेही होते. खुले पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८७० पासून अर्ध्या पेनीला मिळू लागले, पण ते पोस्टमन आणि मोलकरीण दोघेही वाचणार. मागणीसाठी ते निषिद्धच.

ज्यांना घरच्या पत्त्यावर पत्र घेणे शक्य नव्हते ते वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींचा आधार घेत. ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावरच्या स्तंभात सांकेतिक लिपीतले निरोप येत. रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअर आणि त्याचा मित्र चार्ल्स व्हीटस्टन यांना ते सोडवण्याचा छंद होता. प्लेफेअरच्या आठवणींनुसार ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी लंडनमधल्या मुलीला असे निरोप पाठवत होता आणि शेवटी त्याने पळून जाण्याचा बेत सुचवला. तेव्हा व्हीटस्टनने त्याच लिपीत मुलीला समज देणारी जाहिरात दिली. लगोलग तिचा निरोप झळकला: चार्ली, आता लिहू नकोस, आपली लिपी उघडकीला आली.

पत्रावर तिकीट तिरके लावले की अमुक, उलटे लावले की तमुक, अशा ‘तिकिटांच्या भाषे’ची भेटकार्डे शतकाच्या अखेरीस खूप खपली. फुलांच्या भाषेचे कोशही तसेच. प्रत्यक्ष जपलेल्या पत्रव्यवहारांत त्यांचा वापर त्या मानाने फारच कमी दिसतो. हा बराचसा छापखान्यांचा धंदा होता.

लिहिता न येणारे, दूर असणारे

वरची सगळी शिष्टाई लिहितावाचता येणाऱ्यांची. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीत सुमारे एक तृतीयांश नवरे आणि निम्म्या नवऱ्या सहीऐवजी फुली करत. कामकरी वर्गात भेटीगाठींवर इतकी बंधने नव्हती, म्हणून पत्राची निकडही कमी. लागलेच तर शेजाऱ्याकडून लिहून घेत. दोन जगांच्या मध्ये हॅना कलविक उभी आहे. ती घरकाम करणारी मोलकरीण, तर आर्थर मन्बी केंब्रिजला शिकलेला बॅरिस्टर. १८५४ मध्ये रस्त्यात ओळख झाली, लग्न १८७३ मध्ये, तेही लपवून. मधल्या काळात ती त्याच्यासाठी पत्रे आणि रोजनिशी लिहीत राहिली: आज किती बूट घासले, किती पायऱ्या पुसल्या. प्रेमपत्राचा हा मजकूर कोणत्याही कित्त्यात सापडणार नाही.

हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या इंग्रजांना पत्राशिवाय गत्यंतरच नव्हते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारी डाक महिनोन् महिने घेई. सुएझमार्गे ती दीडेक महिन्यावर आली आणि पुढे आणखी लवकर येऊ लागली. विलायतेची डाक मुंबई बंदरात उतरे. १८९८ च्या नाताळापासून हिंदुस्थानलाही एक पेनीत पत्र जाऊ लागले. याच काळातला मराठी पत्रव्यवहार आठवायचा तर गोपाळराव आणि आनंदीबाई जोशी यांचा (१८८३–८६), पण तो लग्नानंतरचा. मराठी घरांत लग्न ठरवण्याची पत्रे वडीलधाऱ्यांनी वडीलधाऱ्यांना लिहायची असत.

जाळणे आणि जपणे

ब्रसेल्समधल्या आपल्या विवाहित शिक्षकाला, कॉन्स्टँटँ एजे यांना, शार्लट ब्राँटेने १८४४–४५ मध्ये लिहिलेली चार पत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतली तीन फाडून पुन्हा जोडलेली, कागदाच्या पट्ट्या आणि दोऱ्याने. एजेंनी ती फाडून टाकली आणि त्यांच्या पत्नीने तुकडे वेचून सांधले, असे सांगितले जाते. चार्ल्स डिकन्सने १८६० मध्ये वीस वर्षांची साठलेली पत्रे घराच्या मागे शेकोटीत घातली.

शार्लटने शेवटी लग्न केले ते आर्थर बेल निकल्स याच्याशी, जून १८५४ मध्ये. त्याने मागणी समोरासमोर घातली होती, डिसेंबर १८५२ मध्ये. वडिलांचा संताप झाल्याने पुढची बोलणी चोरून पत्रांतून झाली. लग्नानंतर काही महिन्यांत याच निकल्सने बायको एलनला काय लिहिते ते पाहिले आणि असली पत्रे काडेपेटीइतकी धोक्याची आहेत, वाचून झाली की जाळण्याचे लेखी वचन द्यावे, असा हट्ट धरला. एलनने वचन दिले, मात्र निकल्सने शार्लटच्या मजकुरावर पहारा ठेवू नये या अटीवर. अट पाळली गेली नाही, असे तिने पुढे नोंदवून ठेवले, आणि पत्रे जपून ठेवली. साडेतीनशेहून अधिक पत्रे तिच्याकडे राहिली. तिच्या भावाला शार्लट मनातून का नाकारत होती आणि त्या आयरिश पाहुण्याचे पत्र वाचून ती कशी हसली, हे त्यांतूनच कळते.